लूज टेबलावरचा छोटा लिमिट पोकर: नफा निघतो का, आणि काढायचा कसा

"हे लोक फोल्डच करत नाहीत, पत्ते टाकून देतच नाहीत, मग यांना हरवायचं कसं?" छोट्या लिमिट टेबलावरून (जिथे बेटची, म्हणजे लावायची, रक्कम ठरलेली असते) रिकाम्या हाताने उठलेला जवळजवळ प्रत्येक जण हेच म्हणतो. तक्रार उफराटी आहे. हरणाऱ्या पत्त्यांवर जो शेवटपर्यंत पैसे टाकत राहतो, त्याच्याकडूनच पैसे मिळतात; वेळेवर फोल्ड करणाऱ्याकडून काय मिळणार? लूज, म्हणजे जवळजवळ कोणतेही पत्ते घेऊन खेळणारे, खेळाडू हरतातच. त्यांनी हरलेला पैसा तुमच्यापर्यंत पोचतो की मधल्यामध्ये रेकच्या (डावात जमा झालेल्या पैशातून टेबल चालवणारे कापतात त्या रकमेच्या) पेटीत जातो, हा पहिला प्रश्न. आणि पोचलेला पैसा तुम्ही कंटाळून पुन्हा टेबलावर उधळता का, हा दुसरा.

म्हणजे नफा निघतो, पण सगळ्या टेबलांवर नाही आणि सगळ्यांना नाही. बहुतेक जण सुरुवात "कोणते पत्ते खेळू?" इथून करतात. या लेखात तो प्रश्न चौथ्या टप्प्यावर येतो. पहिल्या तीन टप्प्यांत चूक झाली असेल, तर पुढचं सगळं बरोबर खेळूनही हिशेब तोट्यातच बसतो.

दोन गोष्टी आधीच स्पष्ट करतो. लेख होल्डेमबद्दल आहे (प्रत्येकाला दोन पत्ते, आणि टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच: आधी तीन म्हणजे फ्लॉप, मग चौथा टर्न, पाचवा रिव्हर; प्रत्येक वेळी पैसे लावायची एक फेरी), आणि तोही कायद्याने परवानगी आहे अशा ठिकाणी, डीलर असलेल्या टेबलावर खेळल्या जाणाऱ्या. आणि सगळे आकडे चिप्समध्ये आहेत. ४/८ चं टेबल म्हणजे फ्लॉपच्या आधी आणि फ्लॉपवर बेट ४ ची, टर्न आणि रिव्हरवर ८ ची. ब्लाइंड, म्हणजे पत्ते वाटण्याआधी दोघांनी पाळीपाळीने टाकायची सक्तीची रक्कम, छोटा २ आणि मोठा ४. यातली ८ ची ती "मोठी बेट". नफा, तोटा, रेक, सगळं या मोठ्या बेटमध्येच मोजायची सवय लावा.

## टप्पा १: बसण्याआधी रेकचा हिशेब

टेबलावर बसण्याआधी तीन आकडे विचारा: एका पॉटमधून (डावात जमा झालेल्या पैशातून) जास्तीत जास्त किती रेक कापतात, जॅकपॉटसाठी वेगळं काही काढतात का, आणि पॉट जिंकल्यावर डीलरला टिप किती द्यायची पद्धत आहे.

समजा रेकची कमाल मर्यादा ४, जॅकपॉटचा १ आणि टिपचा १. एका जिंकलेल्या पॉटमागे ६ चिप्स गेल्या. लूज टेबलावर पॉट मोठे होतात, त्यामुळे रेक बहुतेक वेळा कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. "छोट्या पॉटमधून कमी कापतात" याचा दिलासा इथे फारसा नाही. तासाला ३० डाव धरले तर त्या टेबलावरून दर तासाला १८० चिप्स कायमच्या उठतात. ९ खेळाडूंत वाटल्या तर माणशी २०.

हा खर्च सगळ्यांवर सारखा पडत नाही. रेक जिंकलेल्या पॉटमधून जातो. नीट, आवळून खेळणारा तासाला दोन-अडीच पॉट जिंकतो, म्हणजे त्याच्या वाट्याला १२ ते १५ चिप्स येतात. आता तोच खर्च वेगवेगळ्या टेबलांवर मोजून बघा.

२/४ च्या टेबलावर मोठी बेट ४ ची. १२ ते १५ चिप्स म्हणजे तासाला ३ ते पावणेचार मोठ्या बेट.
४/८ वर त्याच चिप्स म्हणजे दीड ते जेमतेम दोन मोठ्या बेट.
६/१२ वर एक ते सव्वा.

समोरची माणसं तितकीच कच्ची, रेकचे नियम तेच, आणि तरी २/४ वर तुम्हाला दोन बेटचा जादा दंड. चांगल्या टेबलावर चांगला खेळाडू सगळं वजा जाता तासाला साधारण एक मोठी बेट कमावतो असं धरतात. २/४ वर तेवढं हातात पडायला समोरच्यांकडून तासाला चार ते पावणेपाच बेट ओढाव्या लागतील. नेहमी ते जमत नाही, टेबल कितीही लूज असलं तरी.

माझा ठोकताळा असा: रेक, जॅकपॉट आणि टिप यांची बेरीज करा आणि मोठ्या बेटने भागा. उत्तर अर्ध्याच्या आसपास किंवा कमी आलं तर बसा. अर्धा ते एकच्या मध्ये आलं तर टेबल खरोखर लूज असेल तरच बसा. एकच्या वर गेलं तर ती करमणूक आहे, कमाईचा विचार सोडा. वरच्या उदाहरणात २/४ चं उत्तर दीड येतं, ४/८ चं पाऊण, ६/१२ चं अर्धा.

सावधान: "आधी सगळ्यात लहान टेबलावर शिकू, मग वर जाऊ" हा सल्ला शिकण्यापुरता ठीक आहे. पण लहान टेबलावर तोटा झाला म्हणून खेळ वाईट, असा निष्कर्ष काढू नका. तिथे तोटा रेकने केलेला असू शकतो. उलटंही खरं: तिथे बरोबरीत सुटत असाल, तर तुमचा खेळ तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बरा आहे.

## टप्पा २: पैसे वेगळे काढा

घरखर्चाच्या पैशाने खेळू नका, हे सगळेच सांगतात. का, ते आकड्यांतून बघा.

लिमिट पोकरमध्ये एका तासाच्या निकालाचा चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, साधारण १० मोठ्या बेटचं धरतात. कमाई तासाला १ बेट. शंभर तासांनंतर अपेक्षित नफा १०० बेट, आणि चढउतारही १०० बेटचा. म्हणजे बरोबर खेळणाऱ्या सहा जणांपैकी एक जण शंभर तासांनंतरही तोट्यात असतो. चूक काहीच नाही, निव्वळ पत्ते. चारशे तासांनंतर नफा ४०० आणि चढउतार २०० होतो, तेव्हा कुठे तोट्यात असण्याची शक्यता दोन-अडीच टक्क्यांवर येते.

म्हणून ३०० मोठ्या बेट बाजूला ठेवा, असं जुने खेळाडू सांगत आले. ४/८ साठी हे २४०० चिप्स होतात. तासाला १ बेट कमावणाऱ्याचा इतका निधी संपूर्ण बुडण्याची शक्यता पाव टक्क्याच्या आसपास आहे. कमाई अर्धी बेटच असेल तर तीच शक्यता ५ टक्के होते. २०० बेटच ठेवल्या आणि कमाई अर्धी बेट असेल, तर साडेतेरा टक्के. आणि कमाई शून्य किंवा उणे असेल, तर कितीही निधी आज ना उद्या संपणारच. तिथे पैसा वाढवून उपयोग नाही, टेबल किंवा खेळ बदलावा लागतो.

एका बैठकीला २५ ते ३० मोठ्या बेट घेऊन बसा. कमी घेऊन बसलात तर चांगल्या पत्त्यांवर ऐनवेळी चिप्स संपतात, आणि लिमिटमध्ये नफ्याचा मोठा भाग नेमका अशाच डावांत असतो.

तपासा: हा निधी उद्या पूर्ण गेला तर घरात कुणाला सांगावं लागेल का? सांगावं लागणार असेल तर रक्कम चुकीची आहे.

## टप्पा ३: टेबल आणि खुर्ची

पंधरा मिनिटं उभं राहून बघा. दोनच गोष्टी मोजा: फ्लॉप किती जण बघतात आणि फ्लॉपच्या आधी किती वेळा रेज होतो, म्हणजे बेट वाढवली जाते.

पाच किंवा जास्त जण फ्लॉप बघतात आणि रेज क्वचित होतो, असं टेबल सगळ्यात उत्तम. इथे लोक स्वस्तात आत येतात आणि पुढे कॉल करत, म्हणजे समोरच्याने लावले तेवढे पैसे टाकत, राहतात. पाच-सहा जण फ्लॉप बघतात पण दर डावाला दोन-तीन रेज होतात, असं टेबलही फायद्याचं आहे. फक्त चढउतार फार मोठा, म्हणून टप्पा २ मधला निधी तिथे पुरेलच असं नाही. दोघे-तिघेच फ्लॉप बघत असतील तर रेकचा हिशेब पुन्हा एकदा आठवा आणि दुसरं टेबल शोधा.

खुर्ची निवडता आली तर वारंवार रेज करणारा माणूस तुमच्या उजव्या हाताला हवा. तो तुमच्या आधी बोलतो, त्यामुळे त्याचा रेज बघून तुम्हाला ठरवता येतं. तो डाव्या हाताला असेल तर तुम्ही ४ टाकून आत यायचं आणि त्याने ते ८ करायचे, हे दिवसभर चालतं. सगळ्यांना कॉल करणारा गरीब स्वभावाचा खेळाडू कुठेही बसला तरी चालतो.

## टप्पा ४: फ्लॉपच्या आधी

सगळ्यात सोपा टप्पा, आणि सगळ्यात जास्त पैसा इथेच गळतो. कारण पत्ते कळत नाहीत असं नव्हे, कंटाळा येतो. तासाला ३० डाव आणि त्यातले सहा खेळायचे, हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. बाकी सगळे दर दुसऱ्या डावात असताना आपण नुसते बसलोय, हे माणसाला बोचतं.

भीती ब्लाइंडची असते. पण ४/८ वर ९ जणांच्या टेबलावर तासाला साधारण तीन-साडेतीन फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीचे ६, म्हणजे काहीही न खेळता तासाला २० चिप्स, अडीच मोठ्या बेट. वाईट पत्त्यांवर रिव्हरपर्यंत गेलेला एकच डाव यापेक्षा महाग पडतो.

सुरुवातीच्या जागांवर (ब्लाइंडनंतर पहिल्या तीन खुर्च्यांवर) मोठ्या पेअर (एकाच किमतीचे दोन पत्ते), नव्वीच्या पेअरपर्यंत, एक्का-राजा, एक्का-राणी, आणि सुटेड असतील तर एक्का-गुलाम, राजा-राणी. सुटेड म्हणजे दोन्ही पत्ते बदामाचे, किंवा दोन्ही इस्पिकचे, असे.

मागच्या जागांवर, तीन-चार जण आधीच नुसता कॉल करून आत आले असतील, तर यादी वाढते. कोणतीही लहान पेअर, सुटेड एक्का (दुसरा पत्ता कोणताही), गुलाम-दश्शी, दश्शी-नव्वी, नव्वी-अठ्ठी असे लागोपाठचे सुटेड पत्ते. दुर्रीच्या पेअरला फ्लॉपवर सेट (तिसरी दुर्री) लागण्याची शक्यता साडेआठांत एकदा. दोघांविरुद्ध त्यात काही राम नाही, पण सहा जण आत असतील आणि सेट लागल्यावर तिघे शेवटपर्यंत कॉल करणार असतील, तर चांगला व्यवहार.

ज्यांची किंमत गर्दीत घटते ते पत्ते म्हणजे मोठे दिसणारे पण वेगवेगळ्या चिन्हांचे: राजा-गुलाम, राणी-दश्शी, एक्का-सत्ती. लूज टेबलावर लोक कोणताही एक्का घेऊन येतात, त्यामुळे तुमच्या एक्का-सत्तीला एक्का लागला की कुणाकडे तरी एक्का-नव्वी असते. जिंकता तेव्हा छोटा पॉट मिळतो, हरता तेव्हा मोठा जातो.

रेज कधी? दश्शी ते एक्का अशा पेअर, एक्का-राजा, एक्का-राणी. कितीही जण आत असले तरी. इथेच लोक कच खातात: "एक्क्यांची पेअर पाच जणांपुढे टिकत नाही, मग रेज कशाला?" आकडे बघा. दोन एक्के एका अनोळखी हाताविरुद्ध ८५ टक्के वेळा जिंकतात, पाच अनोळखी हातांविरुद्ध फक्त ४९ टक्के. अर्ध्याहून जास्त वेळा हरणार, हे खरं. पण पाच जण कॉल करतात तेव्हा पॉटमधल्या सहा चिप्सपैकी तुमची एक असते, आणि सरासरी जवळजवळ तीन परत येतात. एकाविरुद्ध पॉटमध्ये दोनच चिप्स असतात, आणि त्यातल्या १.७ परत येतात. म्हणजे हरण्याची वेळ वाढली आणि फायदाही वाढला. हे पचलं नाही तर लूज टेबलावर खेळू नका. दर दुसऱ्या दिवशी एक्के मोडल्याचं रडगाणं गाल आणि त्याच रागात पुढचे दहा डाव वाईट खेळाल.

नेहमीची चूक: छोट्या ब्लाइंडवर "अर्धे तर आधीच टाकलेत" म्हणून काहीही दोन पत्ते खेळणं. स्वस्त आहे हे खरं, पण फ्लॉपनंतर प्रत्येक फेरीत तुम्हालाच सगळ्यात आधी बोलावं लागतं. मागच्या जागेवर जे खेळाल त्याहून थोडंसंच जास्त इथे खेळा.

## टप्पा ५: फ्लॉपवर आधी मोजा, मग बोला

फ्लॉप उघडला की तीन गोष्टी, याच क्रमाने: पॉटमध्ये किती आहे, मला किती आउट आहेत (हात सुधारणारे किती पत्ते उरलेत), आणि बेट बहुधा कोण लावणार आहे. तिसरी जवळजवळ सगळेच विसरतात.

आउटचे आकडे पाठ करा. पुढच्याच पत्त्यावर लागण्याचं प्रमाण:

फ्लश ड्रॉ (एकाच चिन्हाचे चार आहेत, पाचवा हवा), ९ आउट: ४.२:१ विरुद्ध, म्हणजे एकदा लागतो तेव्हा ४.२ वेळा हुकतो.
दोन्ही बाजूंनी उघडा स्ट्रेट ड्रॉ (लागोपाठचे चार आहेत, कोणत्याही टोकाला पाचवा हवा), ८ आउट: ४.९:१.
खालची पेअर सुधारून टू-पेअर किंवा तीन सारखे, ५ आउट: ८.४:१.
मधला एकच पत्ता हवा असलेला स्ट्रेट, ४ आउट: १०.७५:१.
पेअरचा सेट, २ आउट: २२.५:१.

पॉटमधली रक्कम भागिले कॉलची रक्कम या आकड्यापेक्षा मोठी असेल तर कॉल, नाहीतर फोल्ड. फ्लॉपवरची बेट लहान असल्यामुळे आणि लागल्यावर पुढे अजून पैसे मिळणार असल्यामुळे थोडं कमी पडलं तरी चालतं. मात्र आउट खोटे तर नाहीत ना ते बघा: फ्लॉपवर पेअर पडली असेल, किंवा तुमचा फ्लश सत्ती-अठ्ठीचा असेल, तर नऊचे सहाच धरा.

आता बेट कोण लावणार ते. एक डाव जवळून बघू.

४/८ चं टेबल. चार जण नुसता कॉल करून आत आले, बटणावरच्याने (फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी बोलणाऱ्याने) रेज केला, छोटा ब्लाइंड फोल्ड. तुम्ही मोठ्या ब्लाइंडवर, हातात चौकटचा एक्का आणि किलवरची राणी. तुम्ही कॉल केला, बाकी चौघांनीही. सहा जणांचे आठ-आठ आणि फोल्ड झालेले २, पॉट ५०. फ्लॉप: बदामाची राणी, इस्पिकची अठ्ठी, चौकटची तिर्री.

वरची पेअर, वरचा किकर (पेअरसोबतचा दुसरा पत्ता). बोलायची पाळी तुमचीच पहिली. हात आपोआप चिप्सकडे जातो आणि तुम्ही ४ लावता. पुढच्या माणसाला आता ५४ साठी ४ टाकायचेत, १३.५:१. त्याच्याकडे गुलाम-दश्शी असेल तर त्याला नव्वी हवी, १०.७५:१ पुरतं; त्याचा कॉल बरोबर आहे. पुढच्याकडे एक तिर्री असेल, म्हणजे फ्लॉपवरच्या तिर्रीसोबत खालची पेअर, तर त्याला ८.४:१ पुरतं; त्याचाही बरोबर आहे. त्यांना तुम्ही मूर्ख म्हणता, पण पॉट एवढा मोठा झाल्यावर तुमच्या चारच्या बेटने कुणालाही चूक करायला भाग पाडता येत नाही.

दुसरा रस्ता: चेक, म्हणजे काही न लावता पाळी पुढे देणं. आधी रेज केलेल्याकडे बघत चौघेही चेक करतात, बटणावरचा सवयीने ४ लावतो, पॉट ५४. लगेच पुढची पाळी तुमची. तुम्ही रेज करून ८ टाकता, पॉट ६२. आता मधल्या चौघांपैकी पहिल्याला ६२ साठी ८ टाकायचेत, ७.७५:१. गुलाम-दश्शीला हे पुरत नाही, तिर्रीवाल्यालाही पुरत नाही. फोल्ड केलं तर त्यांच्या हातातली लढत संपली. कॉल केला तर चुकीच्या भावात केला. दोन्हींत तुमचा फायदा. पत्ते तेच, पैसे तेच, फक्त क्रम बदलला.

रेज करणारा तुमच्या लगेच डाव्या हाताला असेल तर उलट करा: स्वतः बेट लावा, तो रेज करेल, आणि मागच्यांना दुप्पट टाकावे लागतील. लगेच उजव्या हाताला असेल तर त्याच्या बेटवर तुम्ही रेज करा.

सावधान: चेक-रेज तेव्हाच, जेव्हा मागचा माणूस बेट लावेल याची जवळजवळ खात्री आहे. त्यानेही चेक केलं तर पाच जणांना तुम्ही फुकट पत्ता दिलात.

ड्रॉ असेल तर सगळं उलटं. फ्लश ड्रॉ रिव्हरपर्यंत ३५ टक्के वेळा लागतो. चार जण कॉल करत असतील तर तुम्ही प्रत्येक बेटचा पाचवा हिस्सा, २० टक्के, टाकता. लागलेला प्रत्येक फ्लश जिंकत नाही म्हणून ३० धरा, तरीही पॉटमध्ये पडणारी प्रत्येक चिप तुमच्या फायद्याची आहे. म्हणून चार जणांनी कॉल केल्यावर शेवटच्या जागेवरून रेज करा. पण बेट लावणारा तुमच्या लगेच उजवीकडे असेल आणि मागे तिघे बोलायचे असतील, तर रेज करू नका. कॉल करून त्यांना आत येऊ द्या. पेअर असेल तर लोक बाहेर हवेत, ड्रॉ असेल तर आत हवेत. हे उलटं करणारे खूप दिसतात: वरच्या पेअरवर गुपचूप कॉल, आणि फ्लश ड्रॉवर रेज करून सगळ्यांना पळवून लावणं.

तपासा: तुमची बोलायची पाळी येण्याआधी पॉटचा आकडा डोक्यात तयार आहे का? नसेल तर या टप्प्यातलं बाकी काही करता येणार नाही. मोजायचं छोट्या बेटच्या संख्येत: सहा जण, दोन-दोन बेट, बारा. टर्नवर त्याचे निम्मे करा.

## टप्पा ६: टर्न

बेट दुप्पट होते, म्हणून फ्लॉपवर बरोबर असलेला कॉल इथे चुकतो. मधल्या एका पत्त्याच्या स्ट्रेटला आता १०.५:१ हवं, आणि पॉट मोठ्या बेटमध्ये मोजला तर तेवढा क्वचितच असतो. फ्लश ड्रॉला ४.१:१ हवं, ते जवळजवळ नेहमी मिळतं. यापलीकडे विचार करण्यासारखं एकच: आतापर्यंत नुसता कॉल करणाऱ्या शांत माणसाने टर्नवर रेज केला, तर त्याच्याकडे टू-पेअर किंवा त्याहून चांगलं आहे असं धरा. तो बनाव करत नाही. तुमच्या एका पेअरला सुधारायला पुरेसे आउट आणि पुरेसा पॉट नसेल तर सोडून द्या.

## टप्पा ७: रिव्हर

इथे तीन चुका होतात आणि तिघींची किंमत वेगळी आहे.

पहिली, मोठ्या पॉटवर एका बेटसाठी फोल्ड. पॉटमध्ये ८८ आहेत, समोरच्याने ८ लावले. ९६ साठी ८, बारास एक. तेरांपैकी एकदा जरी तुम्ही जिंकत असाल तरी कॉल बरोबरीत सुटतो. "मला माहीत होतं तो जिंकतोय" म्हणत फोल्ड करणाऱ्याला तेरांत बारा वेळा बरोबर असूनही काही मिळत नाही. शांत माणसाच्या टर्नवरच्या रेजचा अपवाद वर सांगितलाच.

दुसरी, बनावाची बेट. पॉट ६४, तुम्ही ८ लावता; नऊपैकी एकदा सगळे पळाले तर बरोबरी. समोर तिघे असतील आणि प्रत्येक जण तीनांत एकदा फोल्ड करत असेल, तर तिघेही एकाच वेळी फोल्ड करण्याची शक्यता सत्तावीसांत एक. नाद सोडा. एकटाच उरला असेल आणि त्याचा ड्रॉ हुकलेला दिसत असेल, तेवढाच अपवाद.

तिसरी सगळ्यात महाग, आणि ती दिसत नाही कारण तिच्यात चिप्स जात नाहीत. वरची पेअर, मधला किकर, समोरच्याने चेक केलं, आणि तुम्हीही "जाऊ दे, दाखवू पत्ते" म्हणून चेक केलंत. पॉट जिंकलात, आनंद झाला. पण समोरचा मधल्या पेअरवरही कॉल करणारा होता. अशा शंभर वेळा बेट लावली, कॉल झाली, आणि त्यातल्या साठ वेळा तुम्ही जिंकलात, तर वीस बेट जादा. ४/८ वर १६० चिप्स. लूज टेबलावरचा नफा म्हणतात तो बऱ्याच अंशी हाच. कॉल करणारा माणूस मिळाला म्हणून तर इथे आलात, आणि त्याला कॉल करायची संधीच दिली नाहीत.

तपासा: शेवटच्या जागेवरून चेक करण्याआधी स्वतःला विचारा: हा माणूस कोणत्या वाईट पत्त्यांवर मला कॉल करेल? दोन उत्तरं सहज सुचली तर बेट लावा.

## टप्पा ८: नोंदी

बैठक संपल्यावर उठण्याआधी लिहा: टेबल, तास, निकाल मोठ्या बेटमध्ये, रेक-जॅकपॉट-टिपची बेरीज, आणि सरासरी किती जण फ्लॉप बघत होते. घरी जाऊन लिहू म्हटलं की तोट्याच्या बैठकी विसरायला होतात.

पहिल्या शंभर तासांत निकालाकडे बघू नका. सहांत एकाचा तोटा आधीच हिशेबात धरलेला आहे. त्या काळात सवयी तपासा: शेवटच्या दहा बैठकींत कंटाळून किती डाव खेळलात, रिव्हरवर किती वेळा उगाच चेक केलं. दोनशे तासांनंतर फ्लॉप बघणाऱ्यांच्या आकड्याप्रमाणे बैठकी वेगळ्या करा. लूज टेबलांवर नफा आणि आवळलेल्या टेबलांवर तोटा दिसला तर उत्तर सरळ आहे: टप्पा ३ मध्ये जास्त वेळ घालवा.

चारशे तासांनंतरही उणे असेल तर आधी रेकचा आकडा परत जोडून बघा. रेक न कापता तुम्ही नफ्यात असता, तर एक पायरी वरचं टेबल शोधा, निधी पुरत असेल तरच. रेक जोडूनही उणेच असाल, तर वर जाऊ नका. टप्पा ४ च्या यादीतले मागच्या जागांवरचे निम्मे पत्ते काढून टाका आणि पुढचे पन्नास तास तेवढ्यावर खेळा.